अनामत रक्कम : आमचे अठ्ठेचाळीस हजार आणि थोडासा कायदा

सर्वप्रथम एक कबुली देते. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेत मराठी हा विषय 'थर्ड लँग्वेज' म्हणून होता आणि त्यात मी जेमतेम पास व्हायचे. त्यामुळे मॅगझिनच्या मराठी विभागात लिहायला सांगितल्यावर मला आधी हसूच आलं. पण या वर्षी हॉस्टेलला परत आल्यापासून मेसमध्ये, लॅबमध्ये, अगदी झेरॉक्सच्या रांगेतसुद्धा मला एकच प्रश्न विचारला जातो, "तुमचं डिपॉझिट परत मिळालं म्हणे? कसं काय?" प्रत्येकीला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हटलं. चुका असतील तर सांभाळून घ्या.

आणखी एक. मी वकील नाही, सिव्हिलची विद्यार्थिनी आहे. माझे मामा नाशिकला वकिली करतात. त्यांनी हा लेख छापायच्या आधी वाचला आणि दोन ठिकाणी मला चांगलंच झापलं. ती दोन ठिकाणं दुरुस्त केली आहेत!

झालं काय?

सेकंड इयरला आम्हा चौघींना हॉस्टेलची सीट मिळाली नाही. मग एजंटमार्फत पुण्यातच कॉलेजपासून दोन किलोमीटरवर एक टू बीएचके फ्लॅट घेतला. भाडं महिना १६,००० आणि डिपॉझिट तीन महिन्यांचं, म्हणजे ४८,०००. प्रत्येकीचा वाटा १२,०००. करार १ ऑगस्ट २०२४ ते ३० जून २०२५, म्हणजे बरोबर अकरा महिन्यांचा.

वर्ष मजेत गेलं. ३० जूनला आम्ही सामान बांधलं, घर झाडलं आणि चाव्या द्यायला काकांकडे गेलो. (घरमालकांना आम्ही काका म्हणायचो. माणूस वाईट नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.) काकांनी चष्मा लावला आणि एक कागद पुढे केला :

संपूर्ण घराचा रंग – २२,०००
हॉलच्या भिंतीची ओल काढणे – ८,०००
बाथरूमचे दार – ३,५००
किचनच्या टाईल्स – २,५००
नळ – १,५००
साफसफाई – १,५००
एकूण – ३९,०००

म्हणजे आम्हाला परत मिळणार ९,०००. चौघींत वाटले की प्रत्येकी २,२५०.

"काका, रंगाचे बावीस हजार कसे काय?"

"अगं, पोरी राहून गेल्या की रंग द्यावाच लागतो. सगळीकडे असंच असतं."

आम्ही चौघी तिथेच गप्प झालो. खाली रिक्षात बसल्यावर मात्र आमची लातूरकर रडायला लागली. तिच्या वाट्याचे बारा हजार तिच्या बाबांनी सोयाबीन विकून दिले होते आणि ते परत मिळतील या भरवशावर तिने जुलैची हॉस्टेल फी धरली होती. १५ जुलैच्या आत पैसे भरले नाहीत तर सीट जाणार. माझ्या घरी फोन केला तर पप्पा म्हणाले, "जाऊ दे, भांडत बसू नकोस, अभ्यास कर." मलाही ते पटत होतं. पण सगळ्यांना 'जाऊ दे' परवडत नाही, हे मला त्या रिक्षात पहिल्यांदा कळलं.

अनामत म्हणजे काय?

मामांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "डिपॉझिटला मराठीत काय म्हणतात?" मी म्हटलं, "अनामत रक्कम." "मग अर्थ सांग." मला सांगता येईना. ते म्हणाले, 'अनामत' हे 'अमानत'चंच रूप आहे, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवायला दिलेली वस्तू. वस्तू ज्याने दिली त्याचीच राहते, ज्याच्याकडे ठेवली तो फक्त सांभाळतो.

निवडणुकीत एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर उमेदवाराचं डिपॉझिट जप्त होतं, कारण तसा कायदाच आहे. घराच्या डिपॉझिटचं तसं नाही. मालकाचं काही थकलं असेल किंवा खरंच काही नुकसान झालं असेल तर तेवढं कापायचं आणि बाकीचं परत करायचं. "नेहमी कापतात" हे काही कारण होत नाही.

अकरा महिन्यांचं गौडबंगाल

आपण सगळे सरसकट 'भाड्याने राहतो' म्हणतो, पण आपला करार बहुतेक वेळा भाड्याचा नसतोच. तो 'लिव्ह अँड लायसन्स'चा असतो. मागे थोडा इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याखाली जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीला धरली गेली आणि भाडेकरूला काढणं फार अवघड झालं. त्यामुळे मालक घर 'भाड्याने' द्यायलाच घाबरू लागले. त्यातून घर वापरायची फक्त परवानगी, म्हणजे लायसन्स द्यायची पद्धत रूढ झाली. आता लागू आहे तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्यातली दोन कलमं आपल्या कामाची.

कलम ५५ : करार लेखी हवा आणि नोंदणीकृत, म्हणजे रजिस्टर्ड हवा. इथे सगळ्यांचा एक मोठा गैरसमज आहे. केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे, म्हणून 'अकरा महिन्यांचा केला की नोंदणी नको' असं एजंट बिनधास्त सांगतात. महाराष्ट्रात हे चालत नाही. इथे अकरा महिने काय, सहा महिन्यांचाही करार नोंदवावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं.

खर्चाचं म्हणाल तर मुद्रांक शुल्क फक्त पाव टक्का असतं. एकूण भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर. आमचं भाडं १६,००० गुणिले ११ म्हणजे १,७६,०००. डिपॉझिटवरचं अकरा महिन्यांचं व्याज ४,४००. बेरीज १,८०,४००, आणि त्याचा पाव टक्का ४५१ रुपये. नोंदणी फी वेगळी. चौघींत वाटल्यावर हा खर्च एका पिझ्झाएवढाही नाही. त्यामुळे 'खर्च वाचवू' म्हणून नोटरीवर भागवू नका.

कलम २४ : हे मालकाच्या बाजूचं आहे. मुदत संपली की घर रिकामं करायचं. नाही केलं तर मालक 'सक्षम प्राधिकाऱ्या'कडे अर्ज करून ताबा मिळवू शकतो आणि जितके दिवस जास्त राहिलात त्याची भरपाई ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने द्यावी लागते. "डिपॉझिट दिल्याशिवाय चावीच देणार नाही" असा सल्ला आम्हालाही चार जणांनी दिला होता. मामा म्हणाले, हा आगीशी खेळ आहे. चावी द्यायची, पण चावी दिल्याची लेखी पोच घ्यायची.

याच कलमात असंही आहे की त्याखालच्या कारवाईत लेखी करारात जे लिहिलंय तो पक्का पुरावा मानला जातो. म्हणून 'सर्व वस्तू सुस्थितीत मिळाल्या' या वाक्याखाली सही करायच्या आधी नळ उघडून बघा!

आता मर्यादेचं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा तयार केला, त्यात राहत्या घराला जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट सुचवलं आहे. पण तो नमुना आहे. राज्याने तो स्वीकारला तरच तिथे लागू होतो. आपल्या १९९९ च्या कायद्यात लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला अशी वरची मर्यादा नाही. म्हणून घर घेतानाच घासाघीस करा.

झीज वेगळी, नुकसान वेगळं

हा लेखाचा गाभा. आमच्या करारात एक वाक्य होतं : घर आहे त्या स्थितीत ठेवायचं, नुकसान झालं तर राहणाऱ्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचं, मात्र 'नेहमीची झीज वगळून'. ही कल्पना जुनी आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये भाडेपट्ट्यासाठी हेच म्हटलंय, की घर घेतलं तशाच अवस्थेत परत द्यायचं, वाजवी झीज आणि माणसाच्या हातात नसलेली आपत्ती सोडून. लिव्ह अँड लायसन्सला ते कलम थेट लागत नाही (इथे मामांनी पहिल्यांदा झापलं), म्हणून हे वाक्य आपल्या करारात असायलाच हवं. करार करताना आधी तेवढं शोधा.

पण झीज कुठली आणि नुकसान कुठलं हे ओळखायचं कसं? इथे आमचं सिव्हिल कामाला आलं. बिल्डिंग मटेरियल्सचा पेपर पाठ करताना वाटलं नव्हतं की त्यातून पैसे सुटतील!

ओल : भिंतीत पाणी वरून येतंय, बाजूने येतंय की खालून, हे डागाच्या जागेवरून कळतं. छताला गोल पिवळट डाग असेल तर वरच्या मजल्याचं बाथरूम गळतंय. खिडकीच्या खाली किंवा बाहेरच्या भिंतीला पोपडे येत असतील तर बाहेरच्या गिलाव्याला चीर आहे. तळमजल्यावर जमिनीलगत पांढरा लोणा फुटला असेल तर पाया पाणी ओढतोय. या तिन्हीत आत राहणाऱ्याचा काही दोष नाही. अपवाद एकच. खिडक्या बंद करून आत ओले कपडे वाळवले आणि कोपऱ्यात काळी बुरशी आली, तर तो प्रताप आपला.

चिरा : जिथे काँक्रीटचा बीम किंवा कॉलम आणि विटांची भिंत एकमेकांना भेटतात तिथे सरळ रेषेत चीर पडते, कारण दोन्ही मटेरियल्स तापमानाने सारखी प्रसरण पावत नाहीत. गिलाव्यावर नकाशासारखं बारीक जाळं दिसलं तर तो गिलावा सुकताना आकसलेला आहे. खिळ्याभोवती खपली निघाली असेल तर मात्र खिळा ठोकणारा शोधा.

टाईल्स : बोटाने टकटक करा. पोकळ आवाज आला तर खालचा मसाला नीट भरलेला नाही, आणि अशी टाईल आपोआप उचलली जाते. पण एका बिंदूपासून चांदणीसारखे तडे गेले असतील तर तिथे काहीतरी आपटलंय किंवा ठोकलंय.

नळ आणि गीझर : वॉशर झिजणं, बोअरच्या जड पाण्याने क्षार साचणं, ही झीज. तोटीच मोडली तर नुकसान.

रंग : फिका पडणं, फर्निचरच्या मागे सावलीसारखा पट्टा उमटणं, ही झीज. डबल टेपने पापुद्रा निघणं हे नुकसान.

बटाटे, कोंबड्या आणि सुप्रीम कोर्ट

समजा करारात लिहिलंच असेल की 'कोणतीही अट मोडल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त', तर? इथे १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ येतं. करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि ती लिहिलेल्या रकमेच्या वर जाऊ शकत नाही.

यावरचा एक जुना खटला मला फार आवडला. १९४७ मध्ये मौला बक्ष नावाच्या ठेकेदाराने लष्कराला बटाटे पुरवायचा ठेका घेतला आणि १०,००० रुपये अनामत भरली. दुसरा ठेका कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवायचा, त्याची अनामत ८,५००. त्याच्याकडून पुरवठा नीट होईना, म्हणून सरकारने ठेके रद्द केले आणि दोन्ही अनामती जप्त केल्या. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९६९ मध्ये निकाल लागला की ठेका रद्द करणं ठीक, पण अनामत ठेवून घ्यायची असेल तर नुकसान किती झालं ते दाखवा. बटाटे बाजारात मिळणारी वस्तू आहे. सरकारने ते दुसरीकडून किती महाग घेतले हे सहज दाखवता आलं असतं. ते दाखवलं नाही, म्हणून १८,५०० रुपये व्याजासकट परत! हेच तत्त्व २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात कोर्टाने पुन्हा सांगितलं.

म्हणजे जिथे नुकसान मोजता येतं तिथे ते मोजूनच दाखवायला हवं. नळाचं बिल मिळतं, रंगाऱ्याचा अंदाजही मिळतो. अंदाजे आकडे चालत नाहीत.

आमचा हिशोब

आम्ही चौघी बसलो आणि आधी स्वतःच्या चुका लिहिल्या. त्या होत्याच. मागच्या बेडरूममध्ये दिवाळीला लावलेल्या लाईटच्या माळेची टेप ओढताना रंगच नाही तर खालची पुट्टीही निघाली होती. किचनमध्ये स्टँड लावायला खिळा ठोकताना दोन टाईल्स तडकल्या होत्या (चांदणीसारख्या!). आणि माळ्यावर आम्ही रद्दी आणि एक मोडका टेबलफॅन तसाच सोडून आलो होतो.

रंगाच्या हिशोबासाठी इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्समधला स्ट्रेट लाईन डेप्रिसिएशन वापरला. आतल्या रंगाचं आयुष्य पाच वर्षं, म्हणजे साठ महिने धरलं. सूत्र सोपं आहे : दुरुस्तीचा खर्च गुणिले उरलेलं आयुष्य भागिले एकूण आयुष्य. हे सूत्र कुठल्या कलमात लिहिलेलं नाही (दुसरी झापाझापी इथली). पण 'वाजवी भरपाई' म्हणजे काय हे समजवायला ते चांगलं आहे. जुना रंग खराब झाला म्हणून नव्या रंगाचे पूर्ण पैसे घेतले तर मालकाचं नुकसान भरून निघत नाही, त्याचा फायदा होतो.

आता पुराव्याचं. घरात शिरताना आम्ही एकही फोटो काढला नव्हता. इतक्या बावळट होतो. पण मी आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पहिल्याच दिवशी एक फोटो पाठवला होता, "बघ ना, हॉलची भिंत कसली घाण आहे, मला नाही राहायचं इथे." १ ऑगस्ट २०२४, संध्याकाळी ६.४०. खिडकीच्या खाली पोपडे स्पष्ट दिसत होते. माझी कुरकुर करायची सवय आयुष्यात पहिल्यांदा कामी आली!

७ जुलैला काकांना साध्या भाषेत पत्र लिहिलं आणि स्पीड पोस्टाने पाठवलं. धमकी नाही, कलमांचा मारा नाही. प्रत्येक बाबीसमोर आमचं म्हणणं आणि आकडा लिहिला, आणि भेटायची वेळ मागितली. १३ जुलैला, रविवारी, आम्ही गेलो. काका आधी चिडले, "पत्रं कसली पाठवता? मी काय पळून चाललो होतो?" मग काकूंनी चहा आणला.

मी विचारलं, "काका, घराला रंग कधी दिला होता?"

काका म्हणाले, "झाली असतील दोनेक वर्षं."

काकू लगेच म्हणाल्या, "अहो, कसली दोन? आपल्या नातवाचं बारसं नाही का झालं, २०२० च्या दिवाळीत, तेव्हा दिलेला!"

म्हणजे पंचावन्न महिने होऊन गेले होते. साठातले उरले पाच, म्हणजे एक बारांश. पूर्ण घर आम्हीच खराब केलं असं मानलं तरी २२,००० चे होतात सुमारे १,८३३. खराब केली होती एक खोली, आणि तिचा रंगाऱ्याचा अंदाज होता ४,५००. त्याचे होतात ३७५. पण पुट्टीचं आयुष्य रंगापेक्षा जास्त असतं, म्हणून आम्ही स्वतःहून १,५०० मान्य केले. टाईल्सचे २,५०० पूर्ण. साफसफाईचे १,५०० पूर्ण. दार खालून फुगलं होतं, कारण फ्लश डोअरला खाली पत्रा मारलेला नव्हता, म्हणून शून्य. ओल, फोटो दाखवला, शून्य. नळांवर काका अडून बसले. आम्ही म्हटलं झीज आहे, ते म्हणाले तोटी तुम्ही जोरात फिरवता. शेवटी नळाचे १,५०० आम्ही सोडून दिले. तडजोड म्हणतात ती हीच असावी.

एकूण कपात ७,०००. परत मिळाले ४१,०००, प्रत्येकी १०,२५०. काकांनी १८ जुलैला ऑनलाईन पाठवले. लातूरकरची फी भरायची तारीख त्याआधीच होती, म्हणून आम्ही तिघींनी १४ तारखेला काँट्री करून ती भरली आणि १८ ला तिने परत केली. ती आता माझी रूममेट आहे.

काकांची बाजू

त्या दिवशी काका एक गोष्ट बोलले ती मी विसरले नाही. आमच्या आधीच्या मुलांनी शेवटचे दोन महिने "डिपॉझिटमधून वळते करा" म्हणत भाडं दिलं नाही आणि महावितरणचं थकलेलं बिल त्यांच्या माथी मारून गेले. फोन बंद. म्हणजे आमच्याशी काका जे वागले त्यामागे आमचेच कोणीतरी सीनियर होते!

शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून परस्पर वळतं करायचा हक्क आपल्याला नाही, मालकाने लेखी मान्य केलं तरच. थकलेलं भाडं, वीजबिल, खरं नुकसान, हे सगळं कापायचा त्यांना हक्क आहे, आणि नुकसान डिपॉझिटपेक्षा जास्त असेल तर वरचे पैसेही ते मागू शकतात. आपल्या स्टाफपैकी काही सर-मॅडम स्वतः घरमालक आहेत. त्यांना नम्र विनंती की कापाल त्याची पावती द्या. पावती दिली की भांडण तिथेच अर्धं मिटतं.

नाहीच ऐकलं तर?

आधी लेखी पत्र. त्याने भागलं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं. खटला दाखल करण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, तिथे कोर्ट फी लागत नाही. मुलींना तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाईन नंबर १५१००. शेवटचा मार्ग दिवाणी दावा, त्याची मुदत साधारण तीन वर्षं. पीजीमध्ये राहणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'राहण्याची किंवा जेवणाची सोय' ही सेवा मानली आहे, म्हणून पीजीवाल्याविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ग्राहक हेल्पलाईन १९१५.

जाता जाता, भिंतीवर चिकटवा (टेपने नको!)

१. करार लेखी आणि नोंदणीकृत. एक प्रत स्वतःकडे.
२. 'नेहमीची झीज वगळून' हे शब्द आहेत का ते पाहा. डिपॉझिट किती दिवसांत परत, तेही लिहून घ्या.
३. डिपॉझिट बँकेतून द्या. रोख दिलं तर सही केलेली पावती घ्या. चौघांत राहत असाल तर कोणाचे किती, ते करारात येऊ द्या.
४. पहिल्या दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा आणि मालकाला त्याच दिवशी पाठवा. ओल, चिरा, नळ, मीटरचं रीडिंग, सगळं.
५. राहताना काही बिघडलं तर लगेच मेसेज करा. तोंडी सांगितलेलं कोणालाच आठवत नाही.
६. सोडायच्या पंधरा दिवस आधी मालकाला घर दाखवा. छोटी कामं स्वतः करून घेतली तर स्वस्त पडतात.
७. चाव्या देताना तारीख घालून पोच घ्या.
८. जे आपण मोडलं ते आपण होऊन सांगा. आमचं बाकीचं म्हणणं काकांनी ऐकलं ते आम्ही टाईल्सचं आधी कबूल केलं म्हणून, असं मला वाटतं.

हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांनी 'हे आमच्यासाठी नाही' म्हणून पान उलटू नका. वर्षाच्या सुरुवातीला रेक्टर ऑफिसमध्ये जो फॉर्म पुढे येतो, 'टेबल १, खुर्ची १, पंखा चालू', त्यावर आपण सगळे न वाचता सही करतो. वर्षाअखेर कॉशन मनीमधून काही कापलं की मग ओरडतो. या वर्षी मी आधी खोलीत जाऊन पंखा लावून पाहिला. रेग्युलेटर बिघडलेला होता. तसं फॉर्मवर लिहिलं आणि मगच सही केली. क्लार्क काका वैतागले, पण दुसऱ्या दिवशी रेग्युलेटर बदलून मिळाला.

आणि हो, परवा काकांचा फोन आला होता. आमच्या कॉलेजच्या फर्स्ट इयरच्या तीन मुली घर बघून गेल्यात. "तू तो घरातल्या वस्तूंचा तक्ता केला होतास ना, तो मला पाठव गं. या वेळी आधीच भरून घेतो."

मी पाठवला. तुम्हालाही हवा असेल तर रूमवर या, झेरॉक्सचे पैसे तेवढे आणा!

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी